चुलीकडची जागा

१४ डिसेंबर

किचोलची आई, रागावू नकोस. अँब्युलन्समध्ये चढवताना तू म्हणालीस, "अहो, रोज दोन ओळी लिहीत जा, मी आल्यावर वाचीन." मी हो म्हटलं, आणि वही उघडतोय आज. थंडीनं बोटं फुटलीत, पेन धरलं की रक्त येतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिसरीपर्यंतची माझी शाळा. गावच्या सभागृहातल्या म्हाताऱ्यांच्या वर्गात तू मला ओढून नेलं नसतंस तर एवढंही आलं नसतं. पण खरं कारण वेगळंच आहे. तुला वाचायला बरं वाटेल असं एकही वाक्य माझ्याजवळ नव्हतं.

काल किचोलचा फोन आला. म्हणाला, "बाबा, आईचं ऑपरेशन नीट झालंय, पण खुब्याच्या हाडाला थंडी चालणार नाही. सोल्लालच्या आधी मी घरी येऊन जमिनीवर हात ठेवून बघणार. उबदार असली तर आईला घेऊन येतो. नसली तर आई वोन्जूला आमच्याकडेच राहील. तुम्हीही या. अकराव्या मजल्यावर सगळं गरम असतं, लाकूड नको की राख नको."

म्हणजे चांद्र नव्या वर्षाचा सण येईपर्यंत मला ही जमीन तापवून दाखवायची आहे. ज्यानं उभ्या जन्मात चूल पेटवली नाही, त्यानं.

स्वयंपाकघरातली चूल तुझी होती, तिची धग जमिनीखालच्या दगडांतून फिरून खोली तापवायची. दोन वर्षांमागे किचोलनं ती बुजवली, जमिनीखालचे दगड उपसले, गरम पाण्याच्या नळ्या घातल्या आणि लोणच्या-तिखटाच्या रांजणांच्या ओट्यामागे पत्र्याच्या खोपटात हा लाकडावरचा बॉयलर, हा लोखंडी राक्षस आणून बसवला. जाळ अंगणात, ऊब घरात. तो म्हणतो, किती सोयीचं. मी म्हणतो, ज्या विस्तवावर घरात बसून नजर ठेवता येत नाही त्याचा भरवसा काय धरायचा? पंप गुणगुणतोय तोवर ठीक. वीज गेली तर? पाणी उकळून खोपट उडालं तर? ठिणगी लाकडांच्या रासेत गेली तर? दिवसातनं इतक्या वेळा दार उघडून बघतो की घरात आलेली ऊब मीच बाहेर घालवतो.

आणि तू घसरलीस ती याच वाटेवर, रांजणांच्या ओट्यापाशी. तिथे आता मी राख टाकतो. जाड थर. आधी का नाही सुचलं, माहीत नाही.

१७ डिसेंबर

आज खोलीभर रांगत जमीन चाचपली. सगळीकडे सारखंच कोमट. दाराशी कोमट, खिडकीशी कोमट, आणि जिथे आपली चुलीकडची जागा होती तिथेही कोमट. तिथला जमिनीवरचा कागद कसा पिवळा-काळा पडला होता, करपलेल्या भाकरीसारखा! त्या जागेवर आधी माझी आई झोपायची, मग तू. किचोलला म्हटलं तर हसला. "बाबा, हीच तर सुधारणा आहे, आता सगळी खोली चुलीकडचीच."

सगळीकडची असेल तर ती कुणाचीच नाही.

संध्याकाळी भात शिजवल्यावर तुझी पितळी वाटी भरली, झाकण लावलं, फडक्यात बांधली आणि जुन्या जागेवर गोधडीखाली ठेवली. मी डोंगरात लाकूडतोडीला जायचो तेव्हा तू माझी ठेवायचीस तशी. आई म्हणायची, झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब धरले तर घराबाहेरचं माणूस सुखरूप. जेवण आटोपून झाकण उघडलं. कोरडं. भात गार, दगडासारखा. शेवटी कुत्र्याला घातला.

मग मला जेवलेलं पचेना. उगाच ठेवली वाटी. आता रोज ठेवावी लागणार, आणि रोज झाकण बघावं लागणार.

१८ डिसेंबर

कोरडं.

२२ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. शेजारची होंगचनवाली लाल घेवड्याची खीर घेऊन आली. दार ढकलून थेट आत. तुझी मैत्रीण, तिला कोण अडवणार?

गोधडी टाकलेली जागा बघून म्हणाली, "भाऊजी, ही जागा कुणासाठी राखलीय? नवी नवरी येणार की काय?"

"जुनीच येणारे," मी म्हटलं.

ती हसली, मग दाराकडे बघितलं. तिथे माझी वळकटी होती. "आणि तुम्ही इथे झोपता? फटीतनं वारा येतो तिथे?"

"मला गरम होतं," मी म्हटलं आणि नेमका तेव्हाच खोकला आला. बराच वेळ थांबेना.

"हो, दिसतंय किती गरम होतं ते," ती म्हणाली. "आणि काय हो, तुमच्या धुराड्यातनं पाइनचा वास येतो. ओकची एवढी वाळलेली रास असताना पाइन का जाळताय? धुराडं आतनं चिकट होतं त्यानं. मग एक दिवस पेट घेतं."

ओक तुझ्यासाठी ठेवलाय. दोन पावसाळे वाळलेला, ठोकला तर घंटेसारखा वाजतो. तू आलीस की त्याला हात लावायचा. तोवर पाइन आणि जर्दाळूच्या ओल्या फांद्या. फसफसतात, टोकांतनं पाणी गाळतात, पण जळतात.

पण ती धुराड्याचं बोलली तेव्हापासून चैन नाही. दुपारी शिडी लावून टोपी काढून बघितलं. आत काळी चकचकीत चिक्की चढलीय. खरवडली जेवढी निघाली तेवढी. होंगचनवाली कुंपणापलीकडून बघत उभी होती. या बाईला स्वतःच्या घरी काही काम नसतं का?

२७ डिसेंबर

आज सकाळी तुझा फोन आला. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"इथे आळणी देतात सगळं. आपला मुळ्याचा रस्सा आठवतो. तुमचा आवाज का बसलाय?"

"धुरानं."

"जाळ बाहेर आणि धूर घशात? कुठे झोपता तुम्ही?"

"खोलीत," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

मग नर्सनं तुला व्यायामाला नेलं. बोलायचं राहिलं ते पुष्कळच. विचारायचं होतं, तुला तिकडे बरं वाटू लागलंय का. अकराव्या मजल्याचं किचोलनं तुला सांगितलं का, आणि तू काय म्हणालीस. हे विचारायला तोंड उघडतच होतो.

आणि दुपारी घात झाला. बॉयलरच्या डोक्यावरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातला फोन डुबुक्कन आत. आकड्यानं काढला. होंगचनवाली म्हणाली तांदळात ठेवा, तांदळात ठेवला. तांदूळ ओले झाले, फोन मेला तो मेलाच.

सरपंच मेंगकडे गेलो. तो म्हणाला, "काका, काळजी करू नका. काही निरोप असला तर माझ्या फोनवर येऊ दे, मी भोंग्यावरून सांगतो. घरबसल्या ऐकू येईल." त्याला तो भोंगा फार आवडतो. परवा कुणाची कोंबडी हरवली तेही अख्ख्या गावाला ऐकवलं.

३ जानेवारी

किचोलची आई, सापडलं!

स्वयंपाकघरात बेसिनखाली नळ्यांचं चार कॉकचं जुडगं आहे ना, ज्याला किचोलनं हात लावू नका म्हणून बजावलं होतं, त्याच्यासमोर आज बसून राहिलो. एकेक नळी हातानं धरून बघितली. चार खोल्या, चार कॉक. गरम पाणी चौघांत वाटलं जातं, म्हणून कुणालाच धड मिळत नाही. आणि आपल्या खोलीची नळी भिंतीतनं नेमकी कुठे आत शिरते? जुन्या चुलीच्या जागी! म्हणजे सगळ्यात आधी, सगळ्यात गरम पाणी तिथेच येतं. फक्त ते पुरेसं येत नव्हतं.

समोरची खोली, कोठीची खोली, स्वयंपाकघर, तिघांचे कॉक बंद केले. तिथे असतं तरी कोण? वाळत घातलेल्या मिरच्या आणि तुझ्या तिखटासाठीचे सोयाबीनचे गोळे.

संध्याकाळी तळहात टेकवला आणि उचलावा लागला. भाजत होता! दाराशी गार, तिथे गरम, जसं पूर्वी होतं तसं. वाटीचं झाकण उघडलं. आतून थेंबच थेंब. ओघळून माझ्या बाहीवर पडले.

मी त्या जागेशेजारी बसून राहिलो. झोपलो नाही तिथे, फक्त बसलो. किचोल येऊ दे. हात ठेवू दे.

४ जानेवारी

कॉकला हात लावायचा नव्हता हे खरं. पण काही झालं नाही. काही होणार असतं तर एव्हाना झालं असतं.

९ जानेवारी

झालं.

तीन दिवस असा गारठा पडला की रांजणांची झाकणं काठांना चिकटली. काल सकाळी समोरच्या खोलीतनं टक् असा आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. जाऊन बघितलं. काही दिसलं नाही. जमीन मात्र बर्फासारखी. वाटलं, या खोलीलाही जरा ऊब देऊ, किचोलनं हिच्यावर हात ठेवला तर? म्हणून कॉक उघडला.

थोड्या वेळानं जमिनीचं रेक्झिन मधोमध फुगायला लागलं, पोळी फुगते तसं. मग कडेनं पाणी. गरम, वाफाळतं पाणी, सोयाबीनच्या गोळ्यांखालून, मिरच्यांखालून, उंबऱ्यावरून अंगणात. मी टॉवेल टाकले. गोधडी टाकली. कॉक बंद करायचा असतो हे डोक्यात आलंच नाही. आणि तिकडे खोपटात राक्षस घुरघुरायला लागला. टाकी रिकामी झाली होती. पोटात जाळ, अंगात पाणी नाही. पत्रा थरथरत होता.

मी फावडं घेऊन पेटती लाकडं बर्फावर ओढली. चर्र, चर्र, सगळं अंगण धुरानं भरलं. खोकत खोकत ओढत राहिलो. भुवया जळाल्या असाव्यात, वास येतो अजून.

धूर बघून होंगचनवाली धावत आली, तिच्यामागे मेंग. त्यानं आत जाऊन आधी कॉक बंद केला. मग हात कमरेवर ठेवून अंगणात उभा राहिला.

"काका, तिन्ही कॉक बंद केले होते?"

"हो."

"या हिवाळ्यात?"

"हो."

"अहो, नळीतलं पाणी फिरायचं थांबलं की गोठणार, गोठलं की नळी फाटणार! माझ्या गाईला सांगितलं तर तिलाही कळेल!"

"मग तिलाच सरपंच कर," होंगचनवाली त्याच्यावर खेकसली. "बादली उचल आधी. माणूस कापतोय बघ."

दोघांनी ओढ्यातनं पाणी आणून टाकी भरली. बर्फ कुऱ्हाडीनं फोडावा लागला. अंधार पडायच्या आत पुन्हा जाळ केला. आपली खोली वाचली. समोरची खोली म्हणजे आता बर्फाचं तळं.

मी मेंगला म्हटलं, "किचोलला कळवू नकोस." तो टोपी झटकून गेला.

आता किचोल काय म्हणेल ते मला आधीच ऐकू येतं.

१२ जानेवारी

किचोल आला. कुणी कळवलं ते विचारलं नाही.

पहाटेच निघाला असावा, डोळे लाल. आधी समोरची खोली बघितली. मग बेसिनखाली वाकून बघितलं. मग माझ्या भुवयांकडे. मी विचार केला होता की चिडला की मीही चिडायचं. पण तो चिडला नाही, आणि त्यामुळे मला काही करता येईना.

"बाबा," तो म्हणाला, "हे का केलंत?"

"तिच्यासाठी जागा करत होतो."

"कसली जागा?"

मी खोलीत नेऊन दाखवली. गोधडी, खाली फडक्यातली वाटी. तो बूट काढून तिथे बसला. "आईला या घरात परत आणायचं धाडस मी करणार नाही," तो म्हणाला. "उद्या तुम्हीच बॉयलरखाली सापडलात तर? नाही बाबा. घर बंद करू. तुम्ही पण..." आणि बोलता बोलता त्याची मान खाली गेली. बसल्या जागी झोपला. लहानपणी जेवताना झोपायचा तसाच, तोंड उघडं टाकून.

मी वाटी हळूच काढून घेतली आणि गोधडी त्याच्या अंगावर घातली. मला वाटलं, जमीन काय आहे ते आता त्याला कळलं असेल. पण झोपलेल्या माणसाला काही विचारता येत नाही.

उठल्यावर त्यानं वळकटीकडे बघितलं. दाराशी, फटीजवळ. मग म्हणाला, "खोकला कधीपासून आहे?"

"धुराचा आहे."

"आईला मी सगळं सांगणार. नळी, भुवया, खोकला, सगळं. मग ती ठरवेल. तुम्हीही नाही आणि मीही नाही."

"नळीचं कशाला सांगतोस?"

"सगळं," तो म्हणाला. फाटलेली नळी कापून तिचं तोंड त्यानं बंद केलं, उरलेले कॉक उघडून ठेवले आणि बोटानं धाक दाखवला, जसा मी त्याला दाखवायचो. नवा फोन सणाला आणतो म्हणाला. काही असलं तर मेंगकडे निरोप देतो म्हणाला.

गाडी वळणाआड गेली आणि मी मुद्द्याचं विचारलंच नाही हे लक्षात आलं. हात ठेवला असता तर जमीन उबदार म्हणाला असता की नाही?

१३ जानेवारी

कॉक उघडे आहेत. जमीन पुन्हा सगळीकडे कोमट. झाकणाला मोजून चार-पाच थेंब, तेही मी डोळे बारीक केले म्हणून.

१५ जानेवारी

निरोप नाही.

भोंग्यावर आज सगळं सांगून झालं. खताची नोंदणी, फ्लूची लस, कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं वाट अडवलीय. शेवटी खरखर झाली तेव्हा वाटलं आता माझं नाव. मेंग खाकरला आणि बंद केलं.

तू ठरवलं असशील. अकराव्या मजल्यावर राहायचं ठरवलं असशील आणि सांगायला जड जात असेल. मला समजतं. नळाला गरम पाणी, बसायला खुर्ची, पाय घसरायला बर्फ नाही. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. छातीत दुखतं खोकताना. भाताची वाटी ठेवू की नको असं झालं, तरी ठेवली.

१८ जानेवारी

लिहू की नको? लिहितो. आज मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.

सकाळी राख काढत होतो. भोंगा खरखरला. "बाम्गोलच्या ग्रामस्थांनो, नमस्कार. पहिली सूचना, उद्या पाणी उशिरा येईल. दुसरी सूचना प्यो काकांसाठी. काका, तुमच्या मंडळींचा, गाप्सुन काकूंचा निरोप आलाय. त्यांनी मला शपथ घातलीय की एक शब्द गाळायचा नाही. तेव्हा माझ्यावर रागावू नका. वाचतोय."

आणि त्यानं वाचलं. अख्ख्या खोऱ्यात, डोंगरावर आपटून परत येईल अशा आवाजात.

"अहो, चुलीकडच्या जागेवर तुम्ही झोपा. ज्या जमिनीवर माणूस झोपत नाही ती जमीन ऊब धरत नाही, कितीही लाकडं घाला. दारातली वळकटी उचला. ती उचलली असं मला कळेपर्यंत मी यायची नाही. उचलली की नाही ते होंगचनवाली बघून सांगते, पहिल्यापासून तीच सांगते. ओक जाळा, तो काय माझ्या मयताला ठेवलाय? माझ्या वाटीतला भात रोज खात जा, कुत्र्याला घालू नका. किचोलला म्हटलं मी, की तुझ्या अकराव्या मजल्यावर मला झोप येत नाही, तिथे सगळी जमीन सारखीच आहे. संपला निरोप."

मग मेंगनं स्वतःचं घातलं: "काका, कॉक उघडे आहेत ना? धन्यवाद."

कुंपणापलीकडे होंगचनवाली पोट धरून हसत होती. "भाऊजी, उचलता का वळकटी, की मी येऊन उचलू? मला आज फोन करायचाय."

"तू हेर आहेस," मी म्हटलं.

"हो ना. आणि पगार म्हणून तिचं सोयाबीनचं तिखट मिळणार आहे. उचला आधी."

मी फावडं टाकलं, आत गेलो आणि दार लावून घेतलं.

१९ जानेवारी

काल वळकटी उचलली. होंगचनवालीनं दारातनं डोकं घालून खात्री केली आणि गेली.

ओकची पहिली ढलपी टाकताना हात जड झाला. पण पेटला म्हणजे काय पेटला! आवाज नाही, धूर नाही, नुसता पिवळा शांत जाळ. एकदा भरला की तासन्‌तास बघावं लागत नाही. मी तरी बघून आलो दोन-तीनदा.

तुझ्या वाटीतला भात खाल्ला. झाकणाचे थेंब बघितले नाहीत. खरं सांगतो, बघितले. होते.

मग तुझ्या जागेवर आडवा झालो. परक्याच्या घरी झोपावं तसं अंग चोरून. नळ्यांची ऊब जेवढी होती तेवढीच होती, कॉक सगळे उघडे. पण उठलो तेव्हा खोकला थांबलेला, छाती मोकळी, आणि जमिनीवर हात ठेवला तर माझ्या अंगाएवढ्या लांबीची एक जागा गरम. बाकी सगळीकडे कोमट. बॉयलरनं केली की मी केली, कोण सांगणार?

२३ जानेवारी

सोल्लाल जवळ आला. होंगचनवालीनं तुला फोन केला, तिनं सगळं खरं सांगितलं म्हणते. तू काय म्हणालीस ते विचारलं तर म्हणते, "ऐकून घेतलं." नुसतं ऐकून घेतलं म्हणजे काय? येतेस म्हणालीस की नाही? किचोलनं मान डोलावली की नाही? समोरच्या खोलीचं त्याच्या मनातनं गेलं का? धुराडं काल पुन्हा खरवडलं. वाटेवर राखेचा नवा थर दिला, हातानं धरायला दोन्ही बाजूंनी दोर बांधला. रांजणांच्या ओट्यापाशी तर पाय रुततो आता.

ही वही तू आल्याशिवाय वाचणार नाहीस, हे मला कळतं. तरी इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहू? कधी येतेस ते लवकर कळव, गाप्सुन. भोंग्यावर नको. आणि एक दिवस तरी आधी कळव. मी आता तुझ्या जागेवर झोपतो, मला सरकायला वेळ हवा.